हे कुणाकडून कळलं?

माझे सासरे बसच्या आगारात सुट्या भागांच्या भांडाराचे प्रमुख होते. ते निवृत्त झाले हे भांडाराच्या दृष्टीने बरं झालं असेल, आमच्या दृष्टीने फार वाईट झालं. नोकरीत असताना त्यांच्या ताब्यात नटबोल्ट, लायनर, पट्टे आणि आरसे होते. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला कप्पा, प्रत्येक कप्प्यावर कार्ड. एखादा ड्रायव्हर नुसताच "साहेब, एक वायसर द्या" म्हणत आला, तर तो हात हलवत परत जायचा. नुसता वायसर नावाचा प्रकार जगात नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. वायसर असतो तो अमुक मापाचा, तमुक गाडीचा, अमक्याकडून आलेला. निवृत्तीच्या दिवशी ते सगळं मागे राहिलं आणि नंबर द्यायला त्यांच्यासमोर उरलो आम्ही.

पहिले काही महिने त्यांनी माझ्या स्वयंपाकघरावर काढले. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, त्यांवर डाळ कधी आणली ते लागलं, आणि एक दिवस "तुरीची डाळ संपत आल्याचं मला कुणी कळवलं नाही" अशी लेखी तक्रार फ्रिजवर लागली. तेव्हा माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बाबा, तुम्ही आपल्या घराण्याचा इतिहास का लिहीत नाही?" असं म्हणून तो ऑफिसला निघून गेला. घरात मी होते. मधली खोली त्याच दुपारी सासऱ्यांच्या ताब्यात गेली.

खोटं कशाला बोलू, काम व्हायला हवं होतं. आमच्या घरातले जुने फोटो नवऱ्याने कॉम्प्युटरवर घेऊन ठेवले होते, पण त्याच्या पद्धतीने. एका फोल्डरचं नाव "जुने फोटो", दुसऱ्याचं "जुने फोटो नवीन", तिसऱ्याचं "जुने फोटो नवीन शेवटचे" आणि चौथ्याचं "शेवटचे हे". चारही फोल्डरमध्ये तोच एक लग्नाचा फोटो होता आणि त्यातला नवरदेव कोण हे घरातल्या एकालाही सांगता येत नव्हतं. सासऱ्यांनी ते फोल्डर पाहिले आणि त्यांना घाम फुटला. पोराला शिकवलं त्याचं हे फळ, असं ते दोन दिवस म्हणत होते.

मग त्यांची पद्धत सुरू झाली. माहिती जिथून मिळाली तो स्रोत, आणि प्रत्येक स्रोताला नाव. कागद असेल तर क, फोटो असेल तर फ, वस्तू असेल तर व, आणि कुणी तोंडाने सांगितलं असेल तर तों. पुढे नंबर. प्रत्येक स्रोताची एक जाड चिठ्ठी, तिच्यावर तीन रकाने: काय आहे, कुठे ठेवलंय, आणि तिसरा, त्यांचा लाडका, "हे कुणाकडून कळलं?" आजोबांची काठी व-२ झाली. माझ्या लग्नातला मिक्सर थोडक्यात वाचला, कारण त्याला अजून इतिहास नाही असा निर्णय झाला.

माणसांचीही सुटका नव्हती. सासूबाई तों-४ झाल्या.

"चाळीस वर्षं यांची बायको होते," त्या मटार सोलता सोलता मला म्हणाल्या, "आता तोंडी चार. पहिले तीन कोण, ते तरी विचार."

"आई, नंबर मानाप्रमाणे नाहीत, आलात त्या क्रमाने आहेत."

"म्हणजे माझ्या आधी तिघं आले? या घरात?"

पाहुणे यायचे कमी झाले. कुणी सहज म्हणालं की आमचे पणजोबा फार रागीट होते, की सासरे खिशातून चिठ्ठी काढायचे. पाहिलेत का? नाही? मग कुणाकडून कळलं? कुठे बसून सांगितलं त्यांनी? बिचारा चहा प्यायला आलेला माणूस अर्धा कप टाकून उठायचा. बघायला आलेल्या एका स्थळासमोरसुद्धा हे झालं. ते स्थळ माझ्या नणंदेसाठी होतं. ते पुन्हा आलं नाही, आणि नणंद अजून आपल्या वडिलांशी मोजकंच बोलते.

एक नियम मात्र सगळ्यांच्या वर होता, आणि तो त्यांनी खोलीच्या दारावरच चिकटवला होता: संकलक हा स्रोत नाही. म्हणजे इतिहास गोळा करणाऱ्याने स्वतःच्या आठवणी मध्ये घुसडायच्या नाहीत. "मी फक्त भांडार सांभाळतो, माल माझा नाही," असं ते सांगायचे. घरातल्या यच्चयावत गोष्टींत नाक खुपसणाऱ्या माणसाने निदान एका ठिकाणी ते बाहेर ठेवलं, याचं आम्हाला कौतुकच वाटलं.

दोन वर्षांत पुस्तक तयार होत आलं. नातेवाइकांचा मेळावा ठरला, तिथे ते घरटी एक वाटायचं होतं. टायपिंगचं काम अर्थातच सूनबाईकडे. प्रत्येक माणसाबद्दल एक परिच्छेद आणि प्रत्येक वाक्याखाली स्रोताचं नाव. कुणी कुठे नोकरी केली, कुणाला किती मुलं, कुणाचा दात सोन्याचा होता, सगळ्याखाली क आणि फ आणि तों. सासऱ्यांच्या धाकट्या काकांचा परिच्छेद सगळ्यांत छोटा होता. "आई शेवटच्या आजारात असताना घरातली पेटी घेऊन पळून गेले. परत आले नाहीत." त्याखाली नऊ स्रोत. अख्ख्या पुस्तकात नऊ स्रोत असलेलं तेवढं एकच वाक्य होतं, आणि सासऱ्यांना त्याचा अभिमान होता. ते वाक्य कुणाच्या बापाच्याने हलायचं नाही, असं ते म्हणायचे.

जिच्या बापाबद्दल ते होतं, ती एक दिवस दारात उभी राहिली.

धाकट्या काकांची मुलगी, म्हणजे सासऱ्यांची चुलत बहीण. ती पडदे शिवायची, म्हणून आमच्याकडे तिचं नाव पडदेवाली. नाव काय, उल्लेखच, कारण तिला कुणी बोलवत नव्हतं. ती याच शहरात राहते हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. पन्नाशी उलटलेली, बारीक, बोटांवर सुईच्या खुणा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि हातातली पिशवी तिने मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"भाऊ, पुस्तक काढताय असं ऐकलं," ती म्हणाली.

"कुणाकडून?" सासरे म्हणाले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ऐकलं कुठूनतरी. त्यात बाबांचं नाव आहे म्हणे. आहे ते बरंच झालं. पण ती ओळ नका घालू." तिने पिशवीचा बंद सरळ केला. "लग्नाकार्यात मी खोलीत शिरले की बायका आपापल्या पर्स जवळ ओढायच्या. मी मोठी झाल्यावरसुद्धा. मग मी जायचंच सोडलं. माझं झालं ते झालं. पण पुस्तक माझ्या नातवंडांच्या हातात पडणार. छापलेलं खोटं आहे असं मी त्यांना कसं सांगू?"

"मग खरं काय?"

"आजीनेच पाठवलं होतं बाबांना. तिच्या औषधाला पैसे नव्हते, आणि औषध दुसऱ्या गावाला मिळायचं. पेटीत तिचे चांगले कपडे होते, ते विकून आण म्हणाली. बाबा औषध घेऊन आले तर आजी गेलेली, आणि दार लागलेलं."

सासऱ्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली. "तू स्वतः पाहिलंस?"

"मी कशी पाहणार? माझा जन्म नंतरचा."

"म्हणजे वडिलांनी सांगितलं. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याचंच म्हणणं." ते लिहीत गेले. तोंडी, ऐकीव, एकाच व्यक्तीकडून, वजन कमी. "हे बघ, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मी एका बाजूला नऊ ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला एक. पद्धत म्हणजे पद्धत."

मला वाटलं ती भांडेल. मी तर भांडले असते, टेबल उलथून भांडले असते. तिने फक्त चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "नऊ जण म्हणतात म्हटल्यावर काय." जाताना तिने चपला घातल्या त्या इतक्या आवाज न करता, की ती गेल्याचं सासूबाईंना कळलंच नाही.

त्या दिवशी मी सासऱ्यांशी बोलले नाही. त्यांना ते कळायला दोन दिवस लागले, कारण त्यांना माझ्याकडून चिठ्ठी मिळाली नव्हती.

पुस्तक छापखान्यात जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्या नऊ चिठ्ठ्या टाइप करायला घेतल्या आणि अडले. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: घरचे. हे कुणाकडून कळलं? घरचे. ज्या माणसाने मिक्सरची चौकशी केली, त्याने इथे "घरचे" लिहून सही केली होती.

"बाबा, घरचे म्हणजे कोण?"

"घरचे म्हणजे घरचे. सगळ्यांना माहीत होतं."

"एखादा ड्रायव्हर येऊन म्हणाला असता की वायसर कुठला, तर घरचा, तर दिला असता का तुम्ही?"

हे लागलं. मला ते लागावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, "रकाना मोकळा जाता कामा नये. फोन लाव एकेकाला." आणि वर हेही म्हणाले की यात फार वेळ जाणार नाही.

पहिला स्रोत फोन न लावताच सापडला, कारण तो समोर बसून भाजी निवडत होता.

"मला कुणी सांगितलं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता. म्हणालात, दागिन्यांच्या पेटीला कुलूप लावत जा, आमच्या घरात काका पेटी घेऊन पळालाय."

"तू सोड," सासरे घाईने म्हणाले. "तू नंतर आलीस."

"आता नंतर आले. मग मला चार नंबर कशाला दिलात?"

मग मोठ्या आजींना फोन लावला. त्या सासऱ्यांची आत्या, धाकट्या काकांची सख्खी बहीण. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण आवाज असा की फोनची गरज पडू नये. त्या नऊपैकी तीन चिठ्ठ्या त्यांच्या आणि त्यांच्या दोन मुलांच्या होत्या.

"मला कोण सांगणार? मला माहीतच आहे!"

"पण आजी, तुम्ही तर तेव्हा सासरी होतात ना?"

"मग काय झालं? आई गेली म्हणून धावत आले, तर वहिनीने सांगितलं."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"ती कसली बघतेय, ती आत आईच्या उशाशी, आईची तर शुद्धच गेलेली. अगं, तुझ्या सासऱ्याने सांगितलं तिला! एवढासा होता, बोंबलत आत आला होता म्हणे. त्याला विचार की. तिथेच बसला असेल कागद चिवडत."

मी फोन ठेवला. वहिनी म्हणजे सासऱ्यांची आई, त्यांच्या नावाचीही एक चिठ्ठी त्या नऊत होती. मोठ्या आजींच्या मुलांना त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे पाच चिठ्ठ्या एका फोनमध्ये गेल्या, सासूबाईंची धरून.  सासरे भिंतीवरच्या वंशवृक्षाकडे बघत होते.

मग त्यांच्या थोरल्या भावाला लावला, स्पीकरवर, आणि या वेळी सासरे स्वतःच बोलले. त्यांना सगळे दादा म्हणतात, ते शिक्षक होते आणि अजूनही प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात देतात. "मी त्या दुपारी शाळेत होतो. बाबा कामावर होते. दोघांनाही घरी आल्यावर कळलं. शेजारचे सांगतात तेही ओरडा ऐकून सांगतात. बाहेर जिन्यावर एकटा तू खेळत होतास. तू पाहिलंस म्हणून तर आम्ही सगळ्यांनी मानलं. का रे? आज काय एकदम?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "रकाना भरायचा होता."

उरलेल्या चिठ्ठ्यांसाठी मला फोन लावावा लागला नाही. नऊ तोंडं होती आणि गोष्ट एकाच्याच पोटातली होती. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने स्वतःच सोडलेला माल नऊ दारांनी परत आत घेतला होता आणि प्रत्येक वेळी नवा नंबर घातला होता. मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. पण ते खुर्चीत असे बसले होते की माझ्याने हसवेना, आणि सासूबाईंनी भाजी बाजूला ठेवून त्यांना पाणी आणून दिलं.

"सूनबाई, नवीन चिठ्ठी घे."

"कुणाच्या नावाची?"

"माझ्या."

मी दारावरच्या नियमाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग मी लिहायला घेतलं.

"वय, सात. जागा, जिना. काय पाहिलं..." ते थांबत थांबत सांगत होते. "काका पेटी खांद्यावर घेऊन खाली उतरले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आलोच."

"पळाले?"

"नाही. चालत गेले. मी आत जाऊन ओरडलो, काका पेटी घेऊन गेले. 'गेले' म्हणालो मी. पळाले कुणी केलं ते मला माहीत नाही."

"आणि आलोच म्हणाले, ते?"

"ते कुणी विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "नंतर मी पण पळालेच म्हणायला लागलो. सगळे म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पडदेवालीच्या घरी गेलो. एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकाची जागा. शिलाईचं मशीन खिडकीशी, कापडाचे ठाण भिंतीला उभे, आणि दोन्ही खुर्च्यांवर कापलेले पडदे. तिने एक खुर्ची मोकळी केली, सासरे त्यात बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली, वय, जागा, सगळं. मग म्हणाले, ती ओळ काढली. त्या जागी आता असं लिहीन, की काका आईसाठी औषध आणायला गेले होते आणि परत आले होते.

ती मशीनवर बसूनच ऐकत होती. कात्री तिच्या हातात तशीच राहिली होती.

"आलोच म्हणाले? एवढंच?"

"मला एवढंच आठवतं."

"एवढंच नव्हतं ते. 'आईला सांग, औषध घेऊन आलोच,' असं सांगितलं होतं त्यांनी. शेवटपर्यंत तेच म्हणायचे बाबा, मी पोराजवळ निरोप ठेवून गेलो होतो. पोरगं म्हणजे दादा असेल असं मला वाटायचं." तिने कात्री खाली ठेवली. "परत आले तर दार लावलेलं. त्यांना वाटलं, निरोप मिळूनसुद्धा लावलंय. मग ठोठावलंच नाही त्यांनी. औषधाची बाटली पायरीवर ठेवली आणि गेले. आम्ही लहानपणी विचारायचो, एकदा जाऊन बोलत का नाही? तर म्हणायचे, सगळं सांगून गेलो होतो, आणखी काय बोलू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार विकत घेत ओरडत चाललं होतं. सासरे आता खुर्चीत बसले, पडद्याच्या कापडासकट.

"मी विसरलो गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पोर होतो मी."

"हो ना," ती म्हणाली. आजवर त्यांना तुम्ही म्हणणारी बाई शांतपणे पुढे म्हणाली, "सात वर्षांच्या पोराला काय कळतंय. त्याचा राग नाही मला. पण मागच्या महिन्यात मी तुझ्या घरी आले होते, तेव्हा तू सात वर्षांचा नव्हतास."

सासऱ्यांनी मान हलवली.  मग त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सूनबाई, तेही लिही. पुस्तकात. खाली माझं नाव घाल."